स्कूटरच्या सीटखाली सापडलेला जीपीएस : दावा कुठे लावायचा आणि त्यातून काय मिळते?

प्रश्नकर्त्या सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना चालवतात. आठ महिन्यांपासून त्या नवऱ्यापासून वेगळ्या होऊन जुळे सोलापूर भागात आईकडे राहत आहेत, मात्र घटस्फोटाचा अर्ज अद्याप कोणीही दाखल केलेला नाही. स्कूटरची बॅटरी वारंवार उतरू लागल्याने त्यांनी गाडी गॅरेजला दिली, तेव्हा मिस्त्रीला सीटखाली काळ्या टेपने गुंडाळलेली एक डबी सापडली. डबीतून निघालेल्या लाल आणि काळ्या वायरी थेट बॅटरीला जोडलेल्या होत्या आणि आत सिमकार्ड होते. त्याच आठवड्यात त्यांच्या असेही लक्षात आले की, सासरी राहून गेलेल्या टॅबवर त्यांचे गूगल खाते अजून चालू आहे आणि त्यातून त्यांच्या फोनचे ठिकाण दिसते. जाब विचारल्यावर नवऱ्याने व्हॉट्सॲपवर उत्तर दिले : "रात्री उशिरा कारखान्यातून निघतेस, काळजीपोटी बसवला. गाडी मीच घेऊन दिली आहे." पोलीस ठाण्यात केवळ अदखलपात्र नोंद झाली. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावता येईल का, किती रक्कम मिळेल, गाडी त्यांच्या नावावर असली तरी पैसे नवऱ्याने भरले असल्याने त्याला तसा अधिकार पोहोचतो का, आणि ती डबी फेकून द्यावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी त्यांनी सहज म्हणून विचारले आहे की, माल पोहोचवणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये त्यांनी स्वतःही लोकेशनचे ॲप टाकले आहे, ते चालते ना. हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका सहज नाही. त्याकडे शेवटी येतो.

डबी फेकू नका. बाकीचे सगळे उत्तर यानंतर वाचले तरी चालेल.

सोलापूरच्या न्यायालयांत सत्तावीस वर्षे दिवाणी बाजूला काम करताना एक सवय सगळ्याच पक्षकारांत दिसते. ते खुर्चीवर बसताच "साहेब, कुठले कलम लागते?" असे विचारतात. हा फौजदारी प्रश्न आहे. दिवाणी बाजूला विचारायचे असते ते हे, की तुमचा कोणता हक्क होता, तो कोणी मोडला, आणि त्यातून तुमचे काय बिघडले. दुसऱ्याच्या मागावर यंत्र लावणे हे नाव घेऊन नुकसानभरपाई देणारे स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही, हे खरे. पण आपला अपकृत्यांचा, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याने केलेल्या नुकसानीची भरपाई मिळवून देणारा कायदा मुळात कलमांवर उभा नसून न्यायालयांनी निवाड्यांतून घडवलेला आहे, आणि कलम नाही म्हणून दावा नाही, असे त्यात होत नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. अडचण हक्काची नाही. योग्य न्यायालय निवडणे आणि यंत्राची माहिती नवऱ्याच्याच हाती जात होती हे सिद्ध करणे, या दोन ठिकाणी अशी प्रकरणे घसरतात.

हक्काचा पाया बराच पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सांगितले की, खासगीपणाला दोन अंगे आहेत. एक घटनात्मक, आणि दुसरे अपकृत्याचे, ज्यात खासगीपणावर बेकायदा आक्रमण करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध असतो, त्यामुळे नवऱ्याचे वकील तोच मुद्दा काढतील. परंतु त्याच निकालात न्यायमूर्ती बोबडे यांनी हा हक्क मूलभूत तसाच सामान्य कायद्यातलाही असल्याचे आणि तो दुसऱ्या नागरिकाने मोडला तर साध्या न्यायालयात त्याच्याविरुद्ध जाता येत असल्याचे स्पष्ट केले आहे. माणसाच्या हालचालींपुरता बोलणारा ताजा निकाल ८ जुलै २०२४ चा आहे. फ्रँक व्हायटस प्रकरणात आरोपीने जामिनावर असताना गूगल मॅपवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी सोय करावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम २१ च्या, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर न्यायालयाच्या आदेशानेही सतत नजर ठेवता येत नसेल, तर कोणताही आदेश नसताना नवऱ्याला ती कशी ठेवता येईल, हा युक्तिवाद मी स्वतः मांडला आहे आणि तो न्यायाधीशांना चटकन पटतो.

खासगीपणाच्या जोडीला दुसरा, जुना आणि साधा पाया आहे, तो म्हणजे तुमच्या ताब्यातील वस्तूला परवानगीविना हात लावणे. या अपकृत्यात ताबा महत्त्वाचा असतो, पैसे कोणी भरले हे नव्हे. आरसी बुक तुमच्या नावावर आहे आणि गाडी रोज तुमच्या हाती असते, एवढे पुरेसे आहे. नवऱ्याने पैसे दिले असतील तर ती भेट झाली. भेट देणाऱ्याला नंतर सीट उचलून वायरी जोडण्याचा अधिकार राहत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये जोन्स खटल्यात पोलिसांनी संशयिताच्या जीपला २८ दिवस लावलेल्या जीपीएसचा विचार याच रस्त्याने केला होता. खासगीपणाच्या तत्त्वचर्चेआधी त्यांनी दुसऱ्याच्या गाडीला यंत्र चिकटवणे हीच आगळीक मानली. तो निकाल इकडे बंधनकारक नाही, पण विचाराची दिशा उपयोगी आहे. तुमच्या बाबतीत बॅटरी उतरत होती, म्हणजे वस्तूचे प्रत्यक्ष नुकसानही आहे, आणि गॅरेजचे बिल लहान असले तरी ते दाव्यात जरूर लावा. आरसी नवऱ्याच्या नावावर असती तर हा पाया बराच कच्चा झाला असता आणि सगळा भार खासगीपणावर पडला असता.

"काळजीपोटी" हा बचाव प्रत्येक प्रकरणात असतो. मला तो कधीच पटलेला नाही, आणि कारण अगदी व्यवहारातले आहे : काळजी करणारा माणूस सांगून यंत्र बसवतो, टेप गुंडाळून सीटखाली लपवत नाही. लपवण्याची पद्धत हाच हेतूचा पुरावा असतो, म्हणून डबी कुठे, कशी आणि कशात गुंडाळलेली सापडली याचे तपशील महत्त्वाचे ठरतात. गूगल खात्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, आणि तिथे तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी भक्कम नाही हे आताच सांगतो. त्या टॅबवर लॉगिन तुम्ही स्वतः केले होते. संसार चालू असताना दिलेली ती मूक संमती होती असे नवरा म्हणेल. संमती मागे घेता येते, पण मागे घेतली हे दाखवावे लागते. म्हणून त्या टॅबमधून खाते बंद करण्याआधी सुरक्षा विभागातील उपकरणांची यादी उघडा, टॅबचे नाव आणि तो शेवटचा कधी वापरला गेला ते दिसते, त्याचे स्क्रीनशॉट घ्या. मग पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांतून बाहेर पडा आणि त्याच दिवशी नवऱ्याला लेखी कळवा की, माझ्या खात्यात वा ठिकाणाच्या माहितीत शिरण्याची कोणतीही परवानगी नाही. त्यानंतर त्याने पुन्हा प्रयत्न केला तर संमतीचा मुद्दा संपतो.

आता न्यायालय कोणते, हा खरा गुंता. बाहेरच्या माणसाने, समजा भागीदाराने किंवा घरमालकाने हे यंत्र लावले असते, तर सरळ दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३८ खाली कायमचा मनाई हुकूम, कलम ३९ खाली यंत्र आणि माहिती काढून टाकण्याचा आज्ञार्थी हुकूम आणि सोबत नुकसानभरपाई मागितली असती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली अंतरिम मनाईचा अर्जही त्यासोबतच गेला असता. परंतु पती-पत्नींमध्ये वैवाहिक संबंधांतून उद्भवलेल्या परिस्थितीत मनाई हुकूम मागायचा असेल, तर कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ प्रमाणे तो विषय कौटुंबिक न्यायालयाचा होतो आणि कलम ८ मुळे इतर दिवाणी न्यायालयाचे दार बंद होते. सोलापुरात कौटुंबिक न्यायालय आहे. हे लक्षात न घेता दिवाणी न्यायालयात लावलेला दावा सहा-आठ महिने चालून अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर परत आलेला मी पाहिला आहे, आणि त्या काळात पक्षकाराच्या हातात एकही आदेश नव्हता.

तुमच्या परिस्थितीत मी पहिला अर्ज कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करीन. नाव ऐकून लोक हा फौजदारी कायदा समजतात. त्यात मिळणारे आदेश मात्र दिवाणी स्वरूपाचे असतात. कलम ३ मधील हिंसेत भावनिक छळ येतो. वेगळे राहत असलात तरी पूर्वी एका घरात नांदलेल्या पत्नीला अर्ज करता येतो, आणि कलम २७ मुळे तुम्ही सध्या जिथे राहता तिथल्या न्यायालयात तो करता येतो. कलम १८ खाली संरक्षण आदेश, कलम २२ खाली मानसिक त्रासाबद्दल भरपाई आणि कलम २३ खाली अंतरिम, गरज पडल्यास एकतर्फी आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि ही टांगती तलवार साध्या मनाई हुकमापेक्षा जास्त धारदार असते. याच कायद्याच्या कलम १२ च्या दुसऱ्या पोटकलमाकडे वकीलही फारसे पाहत नाहीत. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, येथे भरपाई मागितली म्हणून अशा कृत्यांबद्दल नुकसानभरपाईचा स्वतंत्र दावा लावण्याच्या हक्काला बाध येत नाही. फक्त एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणच्या रकमेतून वजा होते. म्हणजे नवऱ्याविरुद्ध असा दावा होऊ शकतो हे संसदेनेच गृहीत धरले आहे. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अंतिम आदेशाला त्याहून पुष्कळ वेळ लागतो, पण अंतरिम आदेश लवकर मिळवता येतो आणि तुम्हाला आत्ता गरज त्याचीच आहे.

गूगल खात्यापुरता तिसरा रस्ता माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चा. कलम ४३ प्रमाणे मालकाच्या वा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा संगणक संसाधनात शिरणे, त्यातील माहिती काढून घेणे यांबद्दल भरपाई मिळते. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मागण्या कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातात, आणि हे पद राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, म्हणजे मुंबईत मंत्रालयात आहे. त्यावरचे अपील दिल्लीच्या दूरसंचार अपील न्यायाधिकरणात. कलम ६१ मुळे जो विषय या अधिकाऱ्याच्या कक्षेत येतो त्यात दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही. म्हणून स्कूटर आणि खाते यांची कथा एकाच अर्जात सांगितली तरी मागण्या वेगळ्या ठेवा. स्कूटरच्या दाव्यात उगाच कलम ४३ चा उल्लेख घुसडला, तर समोरचे वकील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली दावाच फेटाळण्याचा अर्ज देतील. स्कूटर हा संगणक नाही आणि डबीतले यंत्र नवऱ्याचे आहे, तेव्हा तिथे ते कलम बसवणेही ओढूनताणूनच होईल. या रस्त्याने काय मिळते याचा एक जुना दाखला बोलका आहे. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे एका पत्नीने पतीच्या आणि सासऱ्यांच्या ईमेल खात्यांत परवानगीशिवाय शिरल्याचे प्रकरण होते. कलम ४३ चा भंग झाल्याचे मान्य झाले, पण मिळालेली माहिती तिने केवळ पोलीस आणि न्यायालयापुढेच ठेवली होती, म्हणून भरपाई न देता शंभर रुपयांचा प्रतीकात्मक दंड सरकारजमा करायला सांगण्यात आला. तुमच्या टॅबच्या प्रकरणासाठी मुंबईच्या फेऱ्या माराव्यात असे मला वाटत नाही. तो भाग कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात छळाचा एक प्रकार म्हणून मांडा.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा नवा कायदा आला आहे, त्याखाली तक्रार करू का, असे हल्ली बरेच जण विचारतात. नवऱ्याविरुद्ध त्याचा उपयोग नाही. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर ठेवली आहे, आणि जिथे तो लागू होतो तिथेही दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, पीडिताच्या हाती काही पडत नाही.

आता पुराव्याकडे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका व्यापाऱ्याला आपल्या कारच्या टूलबॉक्समध्ये भागीदाराने ठेवलेला, ठिकाण कळवणारा बटणाएवढा टॅग सापडला होता. फोनवर "अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरत आहे" अशी सूचना आली होती. रागाच्या भरात त्याने तो टॅग भागीदाराच्या टेबलावर आदळला, दोन शिव्या दिल्या आणि सूचनाही पुसून टाकली. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळ फक्त कथा होती. त्या टॅगवर अनुक्रमांक असतो, फोन जवळ नेल्यास तो स्क्रीनवर उमटतो, आणि तेवढे एक छायाचित्र असते तर टॅग कोणाच्या खात्याला जोडलेला होता हे न्यायालयामार्फत कंपनीकडून मागवता आले असते.

तुमच्या डबीबाबत असे करा. मिस्त्रीने ती अजून काढली नसेल तर आधी जागेवरच छायाचित्रे आणि चित्रफीत घ्या. एका चौकटीत गाडीचा क्रमांक, उघडलेली सीट आणि डबी तिन्ही दिसली पाहिजेत. वायर बॅटरीच्या कोणत्या टोकाला आणि कशी जोडली आहे, जोड नवा चकचकीत आहे की गंजलेला, हे जवळून टिपा, कारण त्यावरून ती अंदाजे कधी बसवली हे सांगता येते. डबीच्या पाठीवर यंत्राची ओळख सांगणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो आणि सिमकार्डवर बारीक अक्षरांत छापलेला लांब क्रमांक असतो. दोन्ही वाचता येतील असे फोटो घ्या. मग दोन तटस्थ माणसांसमोर ती काढून कागदी लिफाफ्यात घाला, तोंडावर सह्या आणि तारीख टाका. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहण्याचा मोह टाळा. मिस्त्रीचे नाव, पत्ता आणि त्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून घ्या. कोर्टात तो तुमचा सर्वांत चांगला साक्षीदार ठरेल. त्याचे दोन्ही बाजूंशी काही देणेघेणे नाही आणि उलटतपासणीत वायर कशी जोडतात हे वकिलापेक्षा त्यालाच जास्त कळते.

सिम कोणाच्या नावावर आहे हे दूरसंचार कंपनी तुम्हाला थेट सांगणार नाही. साक्षीदाराला कागदपत्रे घेऊन बोलावण्याचे समन्स काढण्याची विनंती न्यायालयाला करावी लागते. या यंत्रांतली बरीच सिमकार्डे तेरा आकडी क्रमांकाची, यंत्रांसाठीची असतात आणि यंत्र विकणाऱ्या कंपनीच्याच नावावर असतात. तसे निघाले तर त्या कंपनीकडून ॲपवरील ग्राहकाचे नाव, नोंदणीचा मोबाइल क्रमांक आणि वर्गणी भरल्याची नोंद मागवायची. दूरसंचार कंपन्यांना अशा नोंदी दोन वर्षे जपाव्या लागतात, पण ॲप चालवणाऱ्याकडची हालचालींची जुनी माहिती ग्राहकाने पुसली की गेली, म्हणून अंतरिम अर्जात पहिली मागणी ही असू द्या की प्रतिवादीने यंत्राशी संबंधित कोणतीही माहिती नष्ट करू नये.

तुमच्या सुदैवाने हे सगळे करायची गरज कदाचित कमी पडेल, कारण "काळजीपोटी बसवला" हा संदेश म्हणजे लेखी कबुली आहे. अशी कबुली हाती असणारे पक्षकार क्वचित येतात. तो संदेश ज्या फोनवर आला तो फोन जपा, विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची छापील प्रत दाखल करताना सोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, ज्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यात बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक, नमूद करावे लागते. हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादात, पुन्हा ठामपणे सांगितले होते. स्क्रीनशॉट छापून जोडला की झाले, अशा समजुतीत बरीच प्रकरणे अडकतात.

नवऱ्याने गोळा केलेली माहिती तो उद्या घटस्फोटाच्या प्रकरणात तुमच्याविरुद्ध वापरेल, ही भीती तुम्ही बोलून दाखवलेली नसली तरी ती असणार. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीच्या वादात जोडीदाराचे गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून घेता येते असा निकाल दिला आहे, त्यामुळे तुमच्या येण्याजाण्याच्या नोंदी न्यायालय पाहणारच नाही असे आश्वासन मी देऊ शकत नाही. परंतु पुरावा ग्राह्य असणे वेगळे आणि तो मिळवण्याचे कृत्य कायदेशीर असणे वेगळे. एखादी गोष्ट चोरून आणली तरी न्यायालय ती पाहू शकते, आणि चोरीची जबाबदारी चोरणाऱ्यावर राहतेच.

फौजदारी बाजूबद्दल थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मधील पाठलागाच्या गुन्ह्यात स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवणे येते. टॅबवरील खात्याची हकीकत त्यात बसवता येईल. नुसत्या स्कूटरच्या यंत्राबद्दल वाद होईल. अदखलपात्र नोंदीची प्रत मात्र घेऊन ठेवा, कारण तक्रार कोणत्या तारखेला केली हे तिच्यावरून सिद्ध होते.

किती पैसे मिळतील? या प्रश्नावर वकील सहसा गोल उत्तर देतात, म्हणून मी सरळ सांगतो : मोठ्या रकमेची आशा धरून हा दावा लावू नका. प्रत्यक्ष खर्चाचे पैसे, म्हणजे गॅरेज, नवी बॅटरी, डॉक्टर किंवा समुपदेशकाची फी, पावत्या असतील तेवढे मिळतात. मानसिक त्रासाची रक्कम न्यायाधीशांच्या अंदाजावर असते आणि आपल्याकडे तो अंदाज हातचा राखून केला जातो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कायद्यानेच प्रत्येक उल्लंघनासाठी किमान रक्कम ठरवलेली आहे. आपल्याकडे तसा आकडा नाही. तुमच्या बाजूने रक्कम वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे किती दिवस नजर ठेवली गेली, लपवण्याची पद्धत, आणि त्या माहितीचा वापर करून नवरा कुठे अचानक समोर आला होता का. शेवटचा मुद्दा नीट आठवून पाहा. नवी पेठेत कापड घ्यायला गेल्यावर, गड्ड्याच्या यात्रेत मुलांना घेऊन गेल्यावर, एखाद्या नातलगाकडे, तो "सहज" भेटला असेल तर तारखा लिहून काढा. योगायोग वाटलेल्या दोन-तीन भेटी यंत्राच्या नोंदींशी जुळल्या की छळाचे चित्र जेवढे ठसठशीत उभे राहते, तेवढे दहा पानी युक्तिवादाने राहत नाही. याच कारणाने मी अर्जात आधी संरक्षण आदेश, मग सर्व नोंदी सुपूर्द करून नष्ट करण्याचा आदेश, आणि शेवटी भरपाई, या क्रमाने मागण्या लिहितो.

मुदतीची घाई नाही, पण आळसही नको. अशा दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत धरून चालावे. कृत्य लपवलेले असेल तर ते उघड झाल्यापासून आणि चालू राहिले असेल तर चालू आहे तोवर मुदत नव्याने सुरू होत राहते, असे युक्तिवाद मुदत अधिनियमाच्या कलम १७ आणि २२ वर करता येतात, पण त्यांची गरज पडू देऊ नये. पुढे उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

राहिला तुमच्या डिलिव्हरीच्या मुलाचा प्रश्न. ते ॲप तुम्ही त्याला सांगून टाकले की न सांगता, हे तुम्ही लिहिलेले नाही. फोन त्याचा स्वतःचा असेल आणि त्याला माहीत नसेल, तर तुम्ही नवऱ्याविरुद्ध जी तक्रार करणार आहात, तीच तो तुमच्याविरुद्ध करू शकतो. फक्त तुमच्याकडे "काळजी" ऐवजी "धंदा" हे कारण असेल. कामाच्या वेळेत, माल कुठपर्यंत पोहोचला एवढे पाहण्यासाठी, त्याला समजेल अशा मराठीत लिहून त्याची सही घेऊन हे करता येते. अक्कलकोट रोडवरच्या गोदामातून निघाल्यापासून शेवटची पावती मिळेपर्यंत ॲप चालू, त्यानंतर बंद, आणि बंद करण्याचे बटण त्याच्या हातात. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही मोकळीक आहे, पण त्या मोकळिकीत त्याची रात्र आणि रविवार येत नाहीत. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, म्हणून तोपर्यंत थांबावे असे मात्र समजू नका. नवऱ्याच्या वकिलाला हे ॲप कळले की उलटतपासणीतला त्याचा पहिला प्रश्न तोच असेल, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असताना "मी त्याला विचारलेच नव्हते" हे उत्तर तुम्हाला देता येणार नाही. आज संध्याकाळी तो हिशेब द्यायला येईल तेव्हा त्याच्यासमोर ॲप काढून टाका, आणि पुन्हा टाकायचे असेल तर कागद तयार करून मगच टाका.